जुन्या व्हिनाइल फिगरवरचा रंग मी कसा काढला

जानेवारीच्या सुरुवातीला माझ्याकडे १९७० च्या दशकातली एक आठ इंची ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलवता येणारी खेळण्यातली बाहुली, आली. कपडे काढता-घालता येतील अशी, डोकं मऊ व्हिनाइलचं, धड कडक प्लास्टिकचं, पायात मऊ बूट. आधी कोणीतरी तिच्या चेहऱ्यावर, केसांवर आणि बुटांवर ब्रशने जाड रंग दिलेला होता आणि इतकी वर्षं होऊनही चेहऱ्यावरचा रंग बोटाला चिकटत होता. धूळ, कापसाचे तंतू, कपड्यांचे दोरे सगळं त्यात रुतून बसलेलं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात रंगाचा एक पापुद्रा सुटला होता आणि तिथून खालच्या मूळ डोळ्याची काळी रेघ दिसत होती. ती रेघ दिसली आणि मी ठरवलं की वरचा रंग काढायचा, पण कंपनीने दिलेला रंग आणि प्लास्टिक दोन्ही सांभाळून.

हे मी पहिल्यांदाच करत होते. माहिती शोधायला बसले तर एक जण म्हणतो ॲसिटोन लावा, एका पुसण्यात रंग जातो, दुसरा म्हणतो ॲसिटोन लावलंत तर फिगर गेलीच समजा. दोघंही खरं बोलत असतात हे मला हळूहळू कळलं, कारण पहिल्याच्या हातात व्हिनाइलचं डोकं असतं आणि दुसऱ्याच्या हातात एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचा भाग. फिगर एकच, पण ती वेगवेगळ्या प्लास्टिकची बनलेली असते आणि ही गोष्ट कोणी आधी सांगतच नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

तर पहिले दोनेक आठवडे मी रंगाला हातच लावला नाही, फक्त कुठला भाग कशाचा आहे ते शोधत बसले. थोडा इतिहास इथे उपयोगी पडतो. हॅस्ब्रो ह्या खेळण्यांच्या कंपनीने १९६४ मध्ये बारा इंची जीआय जो आणला तेव्हापासून ॲक्शन फिगर हा शब्द रुळला, मग मेगोच्या आठ इंची फिगर सत्तरच्या दशकात आल्या, १९७८ मध्ये केनरने स्टार वॉर्सच्या पावणेचार इंची फिगर काढल्या, १९८२ मध्ये मॅटेलचा ही-मॅन आला. ह्या काळात साधारण पद्धत अशी होती की जिथे बारीक नक्षी हवी आणि भाग लवचिक हवा तिथे मऊ पीव्हीसी, म्हणजे ज्याला आपण व्हिनाइल म्हणतो ते, आणि जिथे ताकद हवी तिथे एबीएस किंवा तसलंच कडक प्लास्टिक. म्हणजे डोकं, बूट, हातमोजे बहुतेक व्हिनाइलचे, आणि धड कडक. पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे, त्यामुळे प्रत्येक भाग वेगळा तपासावा लागतो.

तपासायला मी काय केलं, तर आधी न दिसणाऱ्या जागी नखाने हलकं दाबून बघितलं. व्हिनाइल दबतं आणि परत वर येतं, एबीएस दबत नाही आणि टेबलावर हळूच ठोकलं की टक असा कडक आवाज येतो. मग पाण्याची चाचणी. पॉलिएथिलीन पाण्यावर तरंगतं, पीव्हीसी आणि एबीएस बुडतात. फक्त भाग पोकळ असेल तर आत हवा राहते आणि तो उगाच तरंगतो, म्हणून पाण्याखाली धरून सगळे बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे आणि मगच काय ते ठरवायचं. माझे बूट बुडाले, डोकं हवा काढल्यावर बुडालं, पण फिगरसोबत आलेला छोटा पट्टा मात्र तरंगला, म्हणजे तो पॉलिएथिलीनचा, आणि त्याच्यावरचा रंग नुसत्या नखाने सुटत होता कारण त्या प्लास्टिकला रंग धड चिकटतच नाही. तापलेली तांब्याची तार टेकवून ज्योत हिरवी होते का बघायची अशीही एक चाचणी लोक सुचवतात. ती खेळण्यावर करू नका, पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो आणि तुमचा भागही भाजतो.

आता हे एवढं का, तर व्हिनाइल मुळात मऊ नसतं. शुद्ध पीव्हीसी कडक असतं, त्यात प्लास्टिसायझर मिसळून ते मऊ करतात, आणि जुन्या खेळण्यांमध्ये हे प्लास्टिसायझर बहुतेक करून थॅलेट जातीचं असायचं. ते प्लास्टिकला रासायनिकरीत्या बांधलेलं नसतं, नुसतं आत सामावलेलं असतं. त्यामुळे कुठलंही सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारं द्रव, रंगासोबत थोडंथोडं प्लास्टिसायझरही ओढून बाहेर काढतं. भाग आधी फुगतो, मऊ पडतो, आणि सॉल्व्हंट उडून गेलं की आकसतो आणि कडक होतो. हे लगेच दिसत नाही आणि तीच खरी भीती. संध्याकाळी सगळं छान वाटतं आणि काही आठवड्यांनी मान धडावर बसेनाशी होते.

आणि चेहऱ्यावरचा रंग चिकट का होता ह्याचंही उत्तर इथेच मिळालं. मऊ व्हिनाइलवर इनॅमल, म्हणजे तेलावर आधारित रंग, दिला की आतलं प्लास्टिसायझर हळूहळू त्या रंगात शिरतं आणि रंग कधीच पक्का सुकत नाही, वर्षानुवर्षं चिकट राहतो. हे वाचल्यावर मला बरंच हायसं वाटलं, कारण तोपर्यंत मला वाटत होतं की व्हिनाइलच कुजतंय. तसंही होतं बरं का, म्हणजे रंग नसलेलं जुनं व्हिनाइलसुद्धा प्लास्टिसायझर बाहेर येऊन चिकट होतं, त्यामुळे रंग नसलेल्या जागी, उदाहरणार्थ मानेच्या आत, बोट लावून बघा. माझ्या फिगरची मान आतून कोरडी होती.

मग रंग कुठला ते शोधायचं. मानेच्या मागे, जिथे कॉलर येते तिथे, इअरबडला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून काही सेकंद टेकवलं. केसांचा तपकिरी रंग लगेच कापसावर आला, म्हणजे तो ॲक्रिलिक, पाण्यात मिसळणारा रंग. चेहऱ्याचा रंग आला नाही, फक्त थोडा मऊ पडला, म्हणजे तो इनॅमल. बुटांवरचा काळाही ॲक्रिलिक निघाला. कंपनीचा मूळ रंग ह्या दोन्हीपेक्षा वेगळा असतो. कारखान्यात जे रंग वापरायचे त्यातलं सॉल्व्हंट व्हिनाइलच्या पृष्ठभागाला किंचित विरघळवून त्यात पकड घ्यायचं, म्हणून तो रंग वरून दिलेल्या रंगापेक्षा बराच चिवट असतो. ह्या चिवटपणावरच माझा सगळा बेत उभा होता. वरचा रंग मऊ पडेल पण खालचा पडणार नाही असं सौम्य काहीतरी शोधायचं आणि ते लागेल तेवढंच लावायचं.

ह्या टप्प्यावर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. मला ह्या फोटोंचा पुढे दोनदा तरी उपयोग झाला, एकदा भुवईची जागा बघायला आणि एकदा कानामागचा ओरखडा आधीपासूनच होता की नाही हे तपासायला. तो आधीपासून होता, आणि फोटो नसता तर मी उगाच रात्रभर काळजी करत बसले असते.

आता सुरक्षेबद्दल, आणि हे मी घाईत उरकणार नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत खेळण्यांवरच्या रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये ०.०६ टक्के म्हणजे दहा लाखात ६०० भागांची मर्यादा आली आणि २००९ मध्ये ती ९० वर आणली, त्यामुळे त्याआधीचं खेळणं आणि त्यावर कोणीतरी घरी दिलेला कुठल्यातरी डब्यातला रंग, दोन्हींबद्दल खात्री देता येत नाही. जुन्या पीव्हीसीमध्येसुद्धा स्टॅबिलायझर म्हणून शिशाची किंवा कॅडमियमची संयुगं वापरली जायची. घरी करायची शिशाची चाचणी पूर्ण भरवशाची नसते, म्हणून मी शिसं आहे असं धरूनच चालले. म्हणजे कोरडं घासायचं नाही, पॉलिश पेपर अजिबात नाही, जे काय ते ओलं. काम करताना खायचं-प्यायचं नाही, नंतर साबणाने हात धुवायचे, टेबलावर जुना कागद आणि तो रोज गुंडाळून फेकायचा. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्या खोलीपासून लांब, आणि सुटलेले रंगाचे कण एकही खाली राहता कामा नये.

खर्च म्हणाल तर फिगरच्या मानाने फार नाही. नायट्राइलचे हातमोजे, जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड, मऊ टूथब्रश, लाकडी टूथपिक, झाकणाच्या काचेच्या बरण्या, पाण्यात मिसळायचं सौम्य डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं क्लीनर. सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क, आणि मी तो घेतला. धुळीचा साधा मास्क सॉल्व्हंटच्या वाफेला अडवत नाही, त्याने फक्त खोटा धीर येतो. बजेट कमी असेल तर दुसरं काहीही कमी करा, पण खिडकी उघडी आणि वारा खेळता हवाच. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट साधारण १२ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे खोलीच्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्यामुळे जवळ गॅस, मेणबत्ती, हीटर काही नको. अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये तर ते अजिबात ओतू नका. आणि दोन क्लीनर एकत्र करायचे नाहीत, विशेषतः ब्लीच. अमोनियाबरोबर त्यातून विषारी क्लोरामाइन वायू होतात, ॲसिटोन किंवा अल्कोहोलबरोबर क्लोरोफॉर्मसारखं काही तयार होऊ शकतं.

जानेवारीच्या शेवटी शेवटी डोकं वेगळं करायला घेतलं. हे का करायचं, तर धडाच्या आत इलास्टिक आणि काही फिगरमध्ये धातूच्या रिव्हेट असतात, तिथे पाणी किंवा सॉल्व्हंट गेलं की गंज आणि तुटलेलं इलास्टिक. शिवाय कडक धडाला डोक्याचं सॉल्व्हंट लागायला नको. साधारण ६० अंशाच्या पाण्यात, उकळतं पाणी नाही, डोकं खाली करून फिगर धरली, पाणी फक्त मानेपर्यंत. मिनिट-दोन मिनिटांत व्हिनाइल बऱ्यापैकी मऊ होतं. मग एका हाताने धड पकडून डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत हलवत वर घ्यायचं, एकदम ओढायचं नाही. अडलं तर परत पाण्यात. माझे हात थरथरत होते हे खरं आहे, कारण आतल्या मानेचा गोळा तुटला तर तो परत मिळत नाही, पण पुरेसं गरम झालं की डोकं इतक्या सहज निघतं की जोर लावायची गरजच पडत नाही, आणि जोर लागतोय म्हणजे अजून गरम करायचंय असं समजायचं.

त्यानंतर पहिला उपाय साबण. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ टूथब्रश. मला वाटलं होतं ह्याने काहीच होणार नाही पण अर्धा कळकटपणा इथेच गेला, आणि केसांच्या खाचांतला जो भाग मी रंग समजत होते तो नुसता मळ होता. धुवून स्वच्छ कोरडं केल्यावर रंग किती आणि कुठे आहे ते नीट दिसलं. तुमच्याकडे वेळ कमी असेल तरी ही पायरी गाळू नका.

बूट आधी घेतले, कारण ते रंगीत व्हिनाइलचे, त्यावर मूळ पेंट नव्हताच, म्हणजे वाचवायचं काही नाही. डिग्रीझर पाण्यात मिसळून काचेच्या बरणीत बूट रात्रभर ठेवले. सकाळी ॲक्रिलिकला सुरकुत्या पडलेल्या होत्या आणि ब्रश फिरवला की साय निघावी तसे पापुद्रे सुटत होते. शिवणीतला रंग राहिला म्हणून परत एक रात्र. ह्यात मध्ये मध्ये बूट बाहेर काढून दाबून बघत होते की मऊपणा तेवढाच आहे ना. तेवढाच होता. डिग्रीझरचं सौम्य अल्कधर्मी पाणी व्हिनाइलला सहसा त्रास देत नाही, पण तरी दिवसचे दिवस विसरून जाण्यासारखी ही गोष्ट नाही. पहिला बूट पूर्ण साफ झाला आणि त्याचा मूळ चॉकलेटी रंग दिसला तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही, मी तो बूट नुसता हातात घेऊन बसले होते.

आता डोकं. इथे भिजवायचं नाही हे आधीच ठरवलेलं. दोन कारणं, एक म्हणजे मूळ डोळे, आणि दुसरं म्हणजे अल्कोहोलमध्ये व्हिनाइल तासन्‌तास बुडवून ठेवलं तर प्लास्टिसायझर जातं. म्हणून इअरबडला अल्कोहोल लावायचं, जास्तीचं टिश्यूवर टिपून घ्यायचं, रंगावर टेकवून थोडं थांबायचं आणि मग इअरबड घासायचा नाही तर गोल फिरवत पुढे न्यायचा. घासलं की सुटलेला रंग शेजारच्या छिद्रांत परत बसतो. फिरवलं की तो कापसावर येतो. एक इअरबड एकदाच, रंगला की टाकून द्यायचा. कंजूसपणा केला तर तपकिरी डाग सगळ्या गालावर पसरतो. केसांपासून सुरुवात केली, मागून पुढे येत गेले, म्हणजे चेहऱ्याजवळ येईपर्यंत हाताला सवय होते. अर्धा-पाऊण तास काम, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. हा एक दिवसाचा खंड मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आत शिरलेलं अल्कोहोल उडून जातं आणि व्हिनाइल खरोखर कसं आहे ते कळतं.

केस ह्या पद्धतीने आठवडाभरात मोकळे झाले. केसांच्या नक्षीतल्या बारीक रेघांसाठी लाकडी टूथपिक, टोक थोडं चावल्यासारखं मऊ करून घेतलेलं. धातूची सुई किंवा ब्लेड नको, मऊ व्हिनाइलवर एकदा ओरखडा उमटला की तो रंगाखालीही दिसतो.

चेहऱ्याचं इनॅमल वेगळंच वागलं. अल्कोहोलने ते विरघळलं नाही, पण आधीच अर्धवट सुकलेलं असल्यामुळे थोडं मऊ पडून त्याच्या गोळ्या व्हायला लागल्या. म्हणजे ज्या चिकटपणामुळे हे सगळं सुरू झालं त्याचाच फायदा झाला. अल्कोहोलचा हलका हात, थांबणं, मग टूथपिकच्या बोथट बाजूने कपाळावरून खाली ढकलणं, गोळी निघाली की टिश्यूने उचलणं. गाल, हनुवटी, मान असं निघत गेलं. कानाच्या वळणांमध्ये मात्र रंग जाड आणि पक्का होता, तिथे मी व्हाइट स्पिरिट, म्हणजे इनॅमल पातळ करायचं द्रव, वापरलं, तेसुद्धा इअरबडच्या टोकाला जेमतेम ओल लागेल एवढं, आणि लगेच साबणाचं पाणी. व्हाइट स्पिरिट मुरू द्यायचं नाही आणि कडक धडाच्या जवळपासही न्यायचं नाही.

डोळ्यांची जागा शेवटी ठेवली होती. तिथे मी भिंग लावून काम केलं आणि प्रत्येक वेळी कापूस बघायचा नियम केला. कापसावर त्वचेचा रंग येतोय तोपर्यंत पुढे जायचं, काळा किंवा पांढरा दिसला की तिथेच थांबायचं. डावा डोळा जवळपास पूर्ण मोकळा झाला, ती काळी रेघ, बुबुळाचा निळा, वरचा पांढरा ठिपका, सगळं जागेवर. उजव्या भुवईच्या टोकाशी कापसावर अगदी पुसट तपकिरी आला आणि मी हात मागे घेतला. त्या भुवईवर अजूनही वरच्या रंगाचा राईएवढा थर आहे आणि तो तसाच राहणार. मूळ रंग एकदा गेला की तो परत आणता येत नाही, आपण फक्त त्याची नक्कल काढू शकतो, त्यामुळे शेवटचा थोडा रंग सोडून देणं मला अजिबात जड गेलं नाही.

जे मी वापरलं नाही त्याबद्दलही सांगते, कारण ही नावं तुम्हाला वाचायला मिळतीलच. ॲसिटोन मऊ व्हिनाइलवर झटकन पुसून बरेच जण वापरतात आणि जाड रंग त्याने पटकन जातो, पण ते मूळ पेंट ठेवत नाही, आणि एबीएस किंवा पॉलिस्टायरिनवर थेंब पडला तर तिथला पृष्ठभाग चक्क विरघळतो. ते नायट्राइलच्या हातमोज्यांतूनही लवकर आरपार जातं. ॲसिटोन नसलेलं नेलपेंट रिमूव्हर म्हणजे सुरक्षित असंही नाही, त्यात बहुतेक वेळा एथिल ॲसिटेट असतं आणि तेही कडक प्लास्टिकला खातं. लॅकर थिनर तर ह्या सगळ्यांचं मिश्रणच. ब्रेक फ्लुइड मॉडेल बनवणारे जुने लोक वापरायचे, पण ते विषारी आहे आणि व्हिनाइलवर त्याचा भरवसा नाही. ओव्हन क्लीनरमध्ये कॉस्टिक सोडा असतो, कातडी आणि डोळे भाजतात. डेटॉलमध्ये भाग भिजवायची पद्धतही आहे, त्यात लक्षात ठेवायचं की बाहेर काढल्यावर आधी ताज्या डेटॉलमध्येच ब्रश करून रंग काढायचा, पाणी नंतर, कारण पाणी आधी लागलं तर सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होऊन तो परत भागावर बसतो. आणि घरात मांजर असेल तर ते उघडं ठेवू नका, त्यातलं क्लोरोझायलेनॉल मांजरांना विषारी आहे. हार्डवेअरच्या दुकानातले मेथिलीन क्लोराइडवाले पेंट रिमूव्हर तर विषयच नको, त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत आणि अमेरिकेत २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना ते विकायला बंदी आली.

रंग गेल्यावर उजव्या गालावर एक गुलाबी डाग राहिला. रंगातला डाय व्हिनाइलच्या आत उतरतो आणि तो पुसून जात नाही, कारण तो पृष्ठभागावर नसतोच. पिंपल्सच्या क्रीममधलं १० टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं तर असे डाग फिके होतात हे खरं आहे, पण डागाबरोबर आजूबाजूचं व्हिनाइलही फिकं पडू शकतं आणि जवळच असलेल्या मूळ पेंटवर ते जायला नको. चेहऱ्यावर मला ती जोखीम घ्यायची नव्हती. डाग फिकाच आहे, राहू दे.

वाळवण्याबद्दल एक गोष्ट फार कमी जण सांगतात. साफ केलेले व्हिनाइलचे भाग थर्मोकोलवर किंवा पॉलिस्टायरिनच्या ट्रेमध्ये ठेवू नका. व्हिनाइलमधलं प्लास्टिसायझर पॉलिस्टायरिनमध्ये शिरतं आणि ते वितळल्यासारखं होऊन दोन्ही एकमेकांना चिकटतात. मी काचेच्या बशीत पांढरा कागद घालून ठेवले, सावलीत, हीटर किंवा उन्हाशिवाय. अल्कोहोलचा वास पूर्ण जायला बरेच दिवस लागले, डोकं पोकळ असल्यामुळे आतली हवा लवकर बदलत नाही, म्हणून मानेचं भोक वर करून ठेवायचं. रोज एकदा दाबून बघायचं. कडकपणा वाढला नाही, मान आकसली नाही, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

राहिला कचरा. हा भाग कंटाळवाणा आहे पण करावाच लागतो. वापरलेले इअरबड आणि टिश्यू झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, तो डबा खोलीबाहेर. उरलेलं अल्कोहोल बरणीत तसंच ठेवलं, काही दिवसांत रंगाचा गाळ तळाशी बसला, वरचं द्रव कॉफीच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा साफसफाईला ठेवलं. गाळ, फिल्टर आणि व्हाइट स्पिरिटचे बोळे सिंकमध्ये किंवा रोजच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. घातक कचरा घेणाऱ्या केंद्राला फोन केला तर त्यांनी तीन गोष्टी विचारल्या, काय आहे, किती आहे आणि भांडं बंद आहे का. प्रत्येक बरणीवर आतल्या पदार्थाचं नाव आणि तारीख लिहायला सांगितली, दोन वेगळे पदार्थ एका बरणीत चालणार नाहीत असंही सांगितलं. ते नेमलेल्या दिवशीच घेतात, त्यामुळे बरण्या मधले काही आठवडे माझ्याकडेच उंच फळीवर होत्या. म्हणून काम सुरू करायच्या आधीच हा फोन करून ठेवा, आणि सुरुवातीपासून बरण्यांवर लेबल लावा, नंतर दोन्ही द्रवं सारखीच दिसतात.

फेब्रुवारी संपता संपता डोकं परत बसवलं. हेअर ड्रायरने मान गरम केली, आतल्या गोळ्यावर सरळ दाबली, बसली. धडाला ह्या सगळ्यात ओल्या फडक्याशिवाय काहीही लागलेलं नाही. सोबत एका कागदावर लिहून ठेवलंय की कुठला भाग कशाने साफ केला, कुठे वरचा रंग मुद्दाम ठेवला आणि कुठला डाग आधीचा आहे, म्हणजे पुढे ही फिगर ज्याच्याकडे जाईल त्याला माझ्यासारखं अंदाजाने शोधत बसायला नको.

केस मात्र रंगवावे लागणार आहेत, तिथला मूळ पेंट आधीच बऱ्याच ठिकाणी झिजलेला होता. ह्यावेळी इनॅमल नाही, पातळ ॲक्रिलिकचे दोन-तीन हात. त्याआधी एका बुटाच्या आतल्या बाजूला त्याच ॲक्रिलिकचा ठिपका देऊन ठेवलाय. महिनाभराने तो कोरडा राहिला आणि वाकवल्यावर तडकला नाही तर केस रंगवायला घेईन.